खर्चाच्या हिशेबापलीकडे : चयापचय आणि व्यायाम

‘चयापचय’ ही संज्ञा ‘चय’ आणि ‘अपचय’ या दोन पदांची बनली आहे. चय म्हणजे रचणे, साठवणे. अपचय म्हणजे रचलेले मोडणे, झिजवणे. अन्नातून आलेल्या लहान रेणूंपासून प्रथिने, मेद, ग्लायकोजेन असे मोठे रेणू बांधणे हा चयाचा भाग होय आणि ते मोठे रेणू फोडून त्यांतील ऊर्जा मोकळी करणे हा अपचयाचा. सजीव पेशीत या दोन्ही क्रिया अहोरात्र आणि एकाच वेळी चालू असतात, एकीने मोकळी केलेली ऊर्जा दुसरी वापरते, आणि कोणत्या क्षणी कोणत्या अवयवात कोणती क्रिया वरचढ ठरावी हे संप्रेरके, मज्जासंस्था आणि त्या त्या पेशीची रासायनिक स्थिती मिळून ठरवतात. रोजच्या बोलण्यात मात्र या व्यापक कल्पनेला फार अरुंद अर्थ चिकटला आहे. ‘मेटाबॉलिझम स्लो झाला’, ‘व्यायामाने मेटाबॉलिझम वाढतो’ अशी वाक्ये जेव्हा सर्रास ऐकू येतात, तेव्हा शरीर ही एक भट्टी आहे, तिची आच कमीजास्त करता येते आणि व्यायामाचे काम ती आच वाढवून चरबी जाळण्याचे आहे, असे मनाशी धरलेले असते. या विषयावरील दोनशेहून अधिक वर्षांचे संशोधन एकत्र ठेवून पाहिले, तर हे चित्र अर्धेच खरे असल्याचे दिसते. व्यायामाने ऊर्जा खर्च होते यात शंका नाही. परंतु शरीरावर होणारा त्याचा सर्वांत मोलाचा परिणाम खर्चाच्या आकड्यात सापडत नाही. इंधन कोठे साठावे, कोणी वापरावे आणि रक्तातील साखरेने कोणती वाट धरावी, या व्यवस्थेत तो सापडतो.

भट्टीचे रूपक कोठून आले हे पाहणे उद्बोधक आहे, कारण ते अज्ञानातून आलेले नाही. ते एका थोर प्रयोगातून आलेले आहे. 1782–83 च्या हिवाळ्यात आंत्वान लाव्हाझिए आणि प्येर-सिमों लाप्लास यांनी पॅरिसमध्ये एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवून त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळते ते मोजले, आणि त्याच प्राण्याने उच्छ्वासातून सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडची तुलना कोळसा जळताना निघणाऱ्या त्याच वायूशी केली. श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे, हा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे 1790 च्या सुमारास लाव्हाझिएने आर्मां सेगँ या सहकाऱ्याच्या साहाय्याने माणसावर प्रयोग केले आणि थंडीत, जेवणानंतर व विशेषतः अंगमेहनत करताना प्राणवायूचा वापर वाढतो हे दाखवून दिले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत 1794 साली लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला आणि हे काम अपुरे राहिले. तथापि व्यायाम आणि चयापचय यांचा संबंध मोजून पाहण्याचा प्रारंभ तेथेच झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत माक्स रूबनर यांनी आणि अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी उष्मामापके (अ‍ॅटवॉटर यांचे तर बंद खोलीएवढे) बांधून सजीव शरीरही ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाला अपवाद नाही हे सिद्ध केले. कर्बोदके व प्रथिने यांच्या एका ग्रॅमपासून सुमारे 4 आणि मेदाच्या एका ग्रॅमपासून सुमारे 9 किलोकॅलरी मिळतात, हे आज प्रत्येक बिस्किटाच्या पुड्यावर वापरले जाणारे गणित अ‍ॅटवॉटर यांच्याच कामातून आले आहे. (व्यवहारात जिला नुसते ‘कॅलरी’ म्हणतात ती प्रत्यक्षात किलोकॅलरी असते.)

ज्वलनाचे रूपक जमाखर्चापुरते उपयोगी असले तरी पेशीच्या आत काय घडते हे त्यातून कळत नाही, कारण पेशीत काहीही पेटत नाही. 37 अंश तापमानाला, पाण्याने भरलेल्या जागेत, विकरांच्या मदतीने टप्प्याटप्प्याने इंधनाचा रेणू सोडवला जातो आणि सुटलेल्या ऊर्जेचा काही भाग अ‍ॅडेनोसिन ट्रायफॉस्फेट, म्हणजेच एटीपी, या रेणूत बांधून ठेवला जातो. स्नायूंचे आकुंचन असो, मज्जातंतूंतून जाणारा संदेश असो की नव्या प्रथिनाची जुळणी असो, पेशीतील जवळजवळ प्रत्येक कामाचा मोबदला याच चलनात चुकता करावा लागतो. एटीपीचा शोध 1929 साली जर्मनीत कार्ल लोमान यांनी आणि त्याच सुमारास हार्वर्डमध्ये सायरस फिस्के व यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी लावला. आंध्रातील भीमावरमचे सुब्बाराव यांनी फिस्के यांच्यासह त्याआधी 1927 साली स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिनही शोधून काढले होते, आणि स्नायूंच्या ऊर्जाव्यवहाराचा पाया घालणाऱ्यांत एका भारतीयाचे नाव इतके वर असूनही ते आपल्याकडे फारसे घेतले जात नाही, ही खंत नोंदवणे आवश्यक आहे. या चलनाचे वैशिष्ट्य असे, की ते साठवून ठेवता येत नाही. कोणत्याही क्षणी माणसाच्या शरीरात एटीपी असते ते काही तोळेच. परंतु ते सतत मोडून पुन्हा घडवले जात असल्याने दिवसभरातील एकूण उलाढाल शरीराच्या वजनाएवढी भरते. स्नायूंवर संपूर्ण जोर पडला तर त्यातील एटीपी दोन-तीन सेकंदांत संपावे, आणि तरीही ते संपत नाही. ते कसे, हाच व्यायामाच्या चयापचयाचा पहिला प्रश्न आहे.

त्याचे उत्तर तीन वाटांनी मिळते. पहिली वाट फॉस्फोक्रिएटिनची; हा रेणू आपला फॉस्फेट गट क्षणार्धात देऊन टाकतो आणि वजन उचलण्यासारख्या किंवा शंभर मीटर धावण्यासारख्या सुमारे दहा सेकंदांच्या झपाट्याला पुरतो. दुसरी वाट ग्लायको-विघटनाची, म्हणजे ग्लुकोज किंवा स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन पेशीद्रवात अर्धवट फोडण्याची. तिला प्राणवायू लागत नाही, ती वेगवान असते, पण ग्लुकोजच्या एका रेणूमागे तिच्यातून एटीपीचे दोन-तीनच रेणू पदरात पडतात. तिसरी वाट तंतुकणिकांमधून जाते. तेथे कर्बोदके आणि मेद यांचे अवशेष हान्स क्रेब्ज यांनी 1937 साली उलगडलेल्या चक्रातून फिरतात, त्यांतून सुटलेले इलेक्ट्रॉन प्राणवायूपर्यंत पोहोचवले जातात, आणि या प्रवासात तंतुकणिकेच्या आतील पटलाच्या दोन बाजूंना प्रोटॉनांचा जो उतार निर्माण होतो त्याच्या जोरावर एटीपी घडते. ही शेवटची कल्पना पीटर मिचेल यांनी 1961 साली मांडली तेव्हा तिला मोठा विरोध झाला. 1978 साली तिच्यासाठीच त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या वाटेने ग्लुकोजच्या एका रेणूपासून सुमारे तीस एटीपी मिळतात. तिन्ही वाटा एकापाठोपाठ एक उघडतात असे शालेय आकृत्यांमधून वाटते; वास्तविक त्या तिन्ही पहिल्या क्षणापासून चालू असतात आणि व्यायामाची तीव्रता व कालावधी यांनुसार त्यांचा परस्परांतील वाटा तेवढा बदलतो.

दुसऱ्या वाटेच्या शेवटी तयार होणाऱ्या लॅक्टिक आम्लाची कथा थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे, कारण व्यायामशाळांमध्ये आजही सांगितला जाणारा एक जुना गैरसमज तिच्यात दडलेला आहे. 1907 साली केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाचे स्नायू थकेपर्यंत आकुंचित केले असता त्यांत लॅक्टिक आम्ल साठते आणि प्राणवायू मिळाल्यावर ते नाहीसे होते, हे दाखवले. आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मायरहोफ यांनी त्यावर पुढचे काम करून 1922 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळवले, आणि लॅक्टिक आम्ल हेच स्नायूंच्या आकुंचनाचे चालक असून तेच थकव्याचेही कारण असावे, अशी समजूत रूढ झाली. 1930 साली डेन्मार्कच्या आयनार लुंड्सगार्ड यांनी आयोडोअ‍ॅसिटिक आम्लाने ग्लायको-विघटन पूर्णपणे बंद पाडलेले स्नायूही काही काळ आकुंचन पावतात, आणि त्यांत लॅक्टिक आम्लाचा मागमूसही नसतो, हे सिद्ध केले तेव्हा या समजुतीचा पूर्वार्ध कोसळला. उत्तरार्ध मात्र टिकून राहिला. दरम्यान कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने स्नायूंतून बाहेर पडलेले लॅक्टेट यकृतात जाऊन पुन्हा ग्लुकोज बनते हे दाखवले होते, आणि 1980 च्या दशकात कॅलिफोर्नियातील जॉर्ज ब्रुक्स यांनी त्याही पुढे जाऊन असे मांडले, की लॅक्टेट हा टाकाऊ पदार्थ मुळीच नसून ते एका पेशीतून दुसरीकडे पाठवले जाणारे इंधन आहे. जोरात काम करणारे स्नायूतंतू ते तयार करतात. शेजारचे सावकाश आकुंचन पावणारे तंतू, हृदय आणि मेंदू ते आनंदाने वापरतात. व्यायाम थांबल्यावर तासाभरात रक्तातील लॅक्टेट पूर्ववत होते, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकते त्याचा दोष लॅक्टिक आम्लावर ढकलणे चुकीचे आहे. तो ठणका अनोळखी ताणाने स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचा आणि तिच्या दुरुस्तीचा असतो.

आता ज्या खर्चाचे एवढे माहात्म्य सांगितले जाते त्याच्याकडे वळता येईल. स्वस्थ बसलेला माणूस दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे 3.5 मिलिलिटर प्राणवायू वापरतो, आणि एक लिटर प्राणवायू वापरला जाणे म्हणजे सुमारे 5 किलोकॅलरी खर्च होणे होय; म्हणजे 60 किलोच्या माणसाचा बसल्या जागचा खर्च मिनिटाला साधारण एक किलोकॅलरी भरतो. पूर्ण विश्रांतीत, उपाशीपोटी आणि सुखद तापमानात केवळ जिवंत राहण्यासाठी जी ऊर्जा लागते तिला मूलभूत चयापचय दर म्हणतात, आणि बैठ्या जीवनशैलीत दिवसाच्या एकूण खर्चाचा साठ ते सत्तर टक्के भाग तोच व्यापतो. त्यातही वाटणी अत्यंत विषम असते. यकृत, मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडे यांचे एकत्रित वजन शरीराच्या सहा टक्क्यांहून जास्त नसताना मूलभूत खर्चाचा निम्म्याहून मोठा वाटा त्यांचा असतो, तर शरीराचा सर्वांत मोठा भाग असलेले स्नायू विश्रांतीत त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा घेतात. एक किलो स्नायू बसल्या बसल्या दिवसाला सुमारे 13 किलोकॅलरी वापरतात, एक किलो मेद सुमारे साडेचार. या आकड्यांसमोर ‘स्नायू वाढवा म्हणजे झोपेतही चरबी जळेल’ हे आश्वासन फार केविलवाणे ठरते, कारण महिनोन्‌महिने घाम गाळून कमावलेल्या दोन किलो स्नायूंचा विश्रांतीतील जादा खर्च चहाच्या कपातील दीड चमचा साखरेएवढा असतो. व्यायामानंतरही काही तास प्राणवायूचा वापर किंचित वाढलेला राहतो हे खरे आहे, परंतु सर्वसाधारण व्यायामात ही वाढ प्रत्यक्ष व्यायामाच्या खर्चाच्या लहानशा अंशापुरतीच असते.

वयाबद्दलचा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. तिशी-चाळिशी ओलांडली की चयापचय मंदावतो, असे मानण्याची पद्धत आहे. 2021 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हर्मन पाँट्झर आणि अनेक देशांतील त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ दिवसांच्या अर्भकापासून 95 वर्षांच्या वृद्धांपर्यंत 6,400 हून अधिक व्यक्तींची मोजमापे एकत्र करून प्रसिद्ध केली. त्यांत असे आढळले, की शरीराचा आकार व घडण लक्षात घेतल्यावर ऊर्जेचा खर्च एक वर्षाच्या मुलात प्रौढांच्या दीडपट असतो, विशीपर्यंत तो उतरत जातो, आणि विशीपासून साठीपर्यंत तो स्थिर राहतो. खरी घट सुरू होते ती साठीनंतर, आणि तीही वर्षाला सुमारे 0.7 टक्के. तेव्हा चाळिशीत सुटलेल्या पोटाचे खापर मंदावलेल्या भट्टीवर फोडता येत नाही. ही मोजमापे ज्या पद्धतीने झाली तिचाही उल्लेख करायला हवा. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांची जड, पण किरणोत्सारी नसलेली समस्थानिके असलेले पाणी व्यक्तीला प्यायला दिले जाते. जड हायड्रोजन केवळ पाण्याच्या रूपाने शरीराबाहेर पडतो, तर जड ऑक्सिजन पाणी आणि कार्बन डायऑक्साइड अशा दोन्ही रूपांनी. त्यामुळे पुढील एक-दोन आठवडे लघवीच्या नमुन्यांतून दोहोंच्या घटीतील फरक मोजला की माणूस आपल्या नेहमीच्या व्यवहारात असतानाच त्याने किती इंधन वापरले ते कळते. पूर्वीच्या खोलीबंद प्रयोगांना जे साधले नव्हते ते या पद्धतीने साधले.

याच पद्धतीने एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. टांझानियातील हाद्झा हे आजही शिकार आणि कंदमुळे-फळे गोळा करून जगणारे लोक आहेत. त्यांचे पुरुष दिवसाकाठी सरासरी अकरा किलोमीटर आणि स्त्रिया जवळपास सहा किलोमीटर चालतात. 2012 साली पाँट्झर यांनी त्यांचा एकूण खर्च मोजला तेव्हा शरीराचा आकार जमेस धरल्यावर तो पाश्चात्त्य शहरांतील बैठ्या माणसांपेक्षा वेगळा निघाला नाही. यावरून त्यांनी असे अनुमान काढले, की हालचाल वाढली की शरीर काही काळाने इतर कामांत, उदाहरणार्थ प्रजननसंस्था, दाहक्रिया किंवा ताणाची संप्रेरके यांवर होणाऱ्या खर्चात, काटकसर करते आणि एकूण आकडा एका मर्यादेत ठेवते. हे अनुमान सर्वांना मान्य नाही. काही अभ्यासांत व्यायामाचा खर्च मूळ खर्चात सरळ मिळवला जात असल्याचेही दिसले आहे, आणि या वादाचा निकाल लागलेला नाही. तथापि वाद बाजूला ठेवला तरी साधे अंकगणित पुरेसे बोलके आहे. 60 किलोची व्यक्ती अर्धा तास झपझप चालली तर बसून राहण्याच्या तुलनेत तिचा जादा खर्च सुमारे 90 किलोकॅलरी होतो. एका वडापावातून मिळणारी ऊर्जा याच्या दुपटीहून अधिक असते. आणि एक किलो चरबीत सुमारे 7,700 किलोकॅलरी साठलेल्या असल्याने केवळ या चालण्यावर ती उतरवायला, आहारात तिळमात्र फरक न करता, सुमारे 85 दिवस लागतील.

आहाराचा येथे आलेला उल्लेख महत्त्वाचा आहे, कारण भूक आणि श्रम यांचे नातेही सरळ रेषेतले नाही. या संदर्भात बंगालमधील एका अभ्यासाचे महत्त्व आजही कमी झालेले नाही. 1956 साली झाँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकात्याजवळच्या एका तागाच्या गिरणीतील पुरुष कामगारांचा आहार, वजन आणि काम यांची सांगड घालून पाहिली. हलक्या कामापासून अतिश्रमाच्या कामापर्यंत जसजसे श्रम वाढत होते तसतसा आहारही वाढत होता आणि वजन जवळपास तेवढेच राहत होते. परंतु अगदी बैठे काम करणाऱ्यांचा, उदाहरणार्थ गिरणीच्या दारातील दुकानदारांचा, आहार कमी होण्याऐवजी वाढलेला होता, आणि वजनही. हालचाल एका किमान पातळीच्या खाली गेली की भूक आणि गरज यांचा मेळ सुटतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. गिरणीच्या दारात दुकान मांडून बसलेला माणूस आणि आजच्या कार्यालयात संगणकासमोर बसलेला माणूस यांच्यात या बाबतीत फारसे अंतर नाही.

मग व्यायामाने नेमके होते काय? याचे सर्वांत सुंदर उत्तर 1966 साली स्वीडनमध्ये योनास बेर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमान यांनी स्वतःच्या पायांवर केलेल्या प्रयोगातून मिळाले. बेर्गस्ट्रॉम यांनी थोड्याच वर्षांपूर्वी स्नायूंचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढता येईल अशी सुई वापरात आणली होती. दोघे संशोधक एकाच स्थिर सायकलीच्या दोन बाजूंना बसले, आणि प्रत्येकाने फक्त एका पायाने, तो पूर्ण थकेपर्यंत, पायटे मारले. दुसरा पाय स्वस्थ होता. व्यायामानंतर थकलेल्या पायाच्या स्नायूंतील ग्लायकोजेन जवळजवळ संपलेले आढळले आणि स्वस्थ पायातले तसेच राहिले. पुढील तीन दिवस दोघांनी कर्बोदकयुक्त आहार घेतला. एकच रक्त, एकच इन्शुलिन, एकच आहार दोन्ही पायांना मिळत असताना स्वस्थ पायातील साठा फारसा बदलला नाही, उलट श्रमलेल्या पायातील साठा भरून येऊन स्वस्थ पायाच्या सुमारे दुपटीपर्यंत गेला. साखर साठवण्याची ही वाढलेली क्षमता रक्तात किंवा संप्रेरकांत नव्हती. ती ज्या स्नायूने काम केले त्याच स्नायूत होती.

या निरीक्षणामागची यंत्रणा पुढच्या काही दशकांत उलगडली. रक्तातील ग्लुकोज पेशीत आपोआप शिरत नाही. स्नायूंत त्यासाठी ग्लूट-4 नावाची वाहक प्रथिने असतात आणि एरवी ती पेशीच्या आत लहान पिशव्यांत मिटून पडलेली असतात. जेवणानंतर स्वादुपिंडातून इन्शुलिन स्रवले की त्याच्या संदेशाने या पिशव्या पेशीपटलाशी येतात आणि ग्लुकोजला वाट मिळते. इन्शुलिनला दाद न देण्याची अवस्था, म्हणजे इन्शुलिन-रोध, ही या संदेशवहनातील बिघाडामुळे निर्माण होते. 1990 साली येल विद्यापीठातील जेराल्ड शुलमन यांच्या गटाने टाइप 2 मधुमेहाच्या रुग्णांत स्नायूंमध्ये ग्लायकोजेन तयार होण्याचा वेग निरोगी माणसांच्या निम्म्याहूनही कमी असल्याचे दाखवले. व्यायामाचे वैशिष्ट्य असे, की आकुंचन पावणारा स्नायू याच पिशव्या वेगळ्या संदेशाने पटलाशी आणतो. आकुंचनासाठी पेशीत मोकळे झालेले कॅल्शियम आणि एटीपी खर्च झाल्याची चाहूल लागताच जागे होणारे एएमपीके हे विकर या कामी मदत करतात, आणि ही दुसरी वाट इन्शुलिन-रोध असलेल्या शरीरातही बऱ्याच अंशी शाबूत असते. पुढचे दार जाम झालेले असले तरी मागचे दार उघडते, आणि तेही औषधाशिवाय. व्यायाम थांबल्यावर ही थेट वाट काही तासांत बंद होते. पण रिकामे झालेले ग्लायकोजेनचे कोठार भरून येईपर्यंत, म्हणजे साधारण एक ते तीन दिवस, तोच स्नायू इन्शुलिनलाही अधिक चांगला प्रतिसाद देत राहतो.

याखेरीज दीर्घकालीन बदल होतात ते वेगळेच. 1967 साली अमेरिकेत जॉन होलोझी यांनी काही महिने धावपट्टीवर पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंतील तंतुकणिकांची क्षमता सुमारे दुप्पट झाल्याचे दाखवले, आणि स्नायू हा वापराप्रमाणे आपली आतली घडण बदलणारा अवयव आहे ही दृष्टी रुजली. तंतुकणिका आणि केशवाहिन्या वाढल्या की त्याच वेगाने चालताना किंवा धावताना मेदाचा वाटा वाढतो आणि ग्लायकोजेन वाचते. शरीरातील ग्लायकोजेनचा एकूण साठा स्नायूंत सुमारे 400 आणि यकृतात सुमारे 100 ग्रॅम, म्हणजे फार तर दोन हजार किलोकॅलरींचा, तर सडपातळ माणसाच्या मेदातही त्याच्या कितीतरी पट ऊर्जा असते. मॅरेथॉनच्या अखेरच्या टप्प्यात पाय एकाएकी जड होतात ते ही लहान थैली रिती झाल्यामुळे. संथ व्यायामात मेदाचे प्रमाण जास्त असते आणि तीव्रता वाढेल तसा कर्बोदकांचा वाटा वाढतो, यावरून ‘चरबी जाळण्याचा ठरावीक वेग’ विकणारी यंत्रे निघाली आहेत. पण त्या अर्ध्या तासात कोणते इंधन वापरले गेले याला वजनाच्या दृष्टीने फार अर्थ नाही, कारण व्यायामात साखर जास्त वापरली गेली तर उरलेल्या दिवसात शरीर मेद जास्त वापरून ती भरपाई करून घेते. स्नायू आकुंचनाच्या वेळी रक्तात काही संदेशवाहक प्रथिनेही सोडतात. कोपनहेगनच्या बेन्टे पेडरसन यांनी त्यांना ‘मायोकाइन’ हे नाव दिले, आणि यकृत, मेद व इतर अवयवांवर त्यांचा परिणाम होत असल्याचे पुरावे जमत आहेत. तथापि त्यांच्या नावाने केले जाणारे मोठमोठे दावे अजून घाईचे आहेत.

हालचाल थांबल्याचा परिणाम किती झपाट्याने होतो हे 1966 साली अमेरिकेतील डॅलस येथे झालेल्या अभ्यासाने दाखवले. विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवले असता त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली तेव्हा असे दिसले, की तीन दशकांच्या वयवाढीने त्यांच्या क्षमतेची जितकी हानी केली त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी केली होती.

हा सारा विषय भारतीय, आणि त्यातही महाराष्ट्रातील, शरीराच्या संदर्भात अधिक निकडीचा का ठरतो याचे उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनात आहे. 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवती माता आणि त्यांची मुले यांचा पाठपुरावा करताना त्यांना असे आढळले, की येथील नवजात बाळांचे वजन सरासरी 2.7 किलो, म्हणजे इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बाळांपेक्षा सुमारे 800 ग्रॅमने कमी असते. मात्र ही तूट सर्व ऊतींत सारखी नसते. स्नायू आणि पोटातील अवयव लहान राहतात, तर त्वचेखालील मेद त्या मानाने राखला जातो. बाहेरून कृश दिसणाऱ्या या बाळांना त्यांनी ‘थिन-फॅट’ म्हटले. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी आपले छायाचित्र शेजारी शेजारी छापले, दोघांचाही शरीरभार निर्देशांक 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के मेद आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. वजनाचा काटा दोघांना एकाच रांगेत उभे करत होता.

साखर साठवण्याचे सर्वांत मोठे कोठार स्नायू हे असेल, आणि ते कोठार जन्मापासूनच लहान असेल, तर त्याचा वापर वाढवणे आणि ते रिते करत राहणे याला मेद उतरवण्याहून वेगळे आणि स्वतंत्र महत्त्व येते. चाचण्यांचे निष्कर्ष याला पुष्टी देतात. चीनमधील दाचिंग येथे 1986 साली सुरू झालेल्या सहा वर्षांच्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांपैकी ज्यांना केवळ व्यायाम सांगितला होता त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण 46 टक्क्यांनी घटले. भारतात चेन्नईच्या ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या, 2006 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशाच 531 जणांचा तीन वर्षे मागोवा घेण्यात आला. नेहमीचाच सल्ला मिळालेल्या गटात 55 टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार आणि चालणे यांत बदल केलेल्या गटात सुमारे 39 टक्क्यांना. या दुसऱ्या गटाचे वजन लक्षणीय उतरले नव्हते. वजन उतरले नाही म्हणून दोन महिन्यांत चालणे सोडून देणाऱ्या असंख्य माणसांना आणि त्यांना केवळ काट्यावरचा आकडा विचारणाऱ्या सल्लागारांना हा निष्कर्ष कोणी ठासून सांगितला असता, तर बरेच काही टळले असते. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

व्यायाम कोणता, या प्रश्नाचे उत्तरही याच यंत्रणेतून निघते. ज्या स्नायूने काम केले त्यातच क्षमता वाढत असल्याने शरीराचे मोठे स्नायू, म्हणजे मांड्या, नितंब आणि पाठ, कामाला लागतील असा व्यायाम अधिक उपयोगी. म्हणून चालणे, जिना चढणे, सायकल चालवणे यांच्या जोडीला उठाबशा किंवा वजने उचलणे यांसारखा ताकदीचा व्यायाम असावा, कारण पहिल्याने कोठाराची देवघेव वाढते आणि दुसऱ्याने कोठार मोठे होते, निदान उतारवयात ते आक्रसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम अशी आहे. जेवणानंतर रक्तातील साखर चढण्याच्या वेळीच दहा-पंधरा मिनिटे केलेले चालणे तो चढ कमी करते, हे अलीकडच्या अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. जेवणानंतरच्या शतपावलीचा मराठी घरांतला रिवाज पावलांच्या संख्येपेक्षा तिच्या वेळेसाठी टिकवण्यासारखा आहे. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत मात्र औषध आणि आकुंचन ही दोन्ही दारे एकाच वेळी उघडून साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते, त्यामुळे त्यांनी व्यायाम वाढवताना औषधाची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घेणे आवश्यक असते. इतरांसाठी मर्यादा कोठाराचीच आहे: ते एक ते तीन दिवसांत भरते, आणि भरल्यावर स्नायू पुन्हा पूर्वीसारखाच वागू लागतो. म्हणूनच मधुमेहींसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्याच्या एकूण मिनिटांसोबत आणखी एक अट घातलेली असते, ती अशी, की सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू नये.